आजार साहेबांचा, सही कोणाची?

दिवाळीच्या सुट्टीत माझी पुतणी पुण्याहून आली होती. दुपारची कामं उरकून मी मेथी निवडायला बसले, तर ती लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. म्हणाली, "काकू, तुला राजकारणाच्या गप्पा आवडतात ना? मग ही मालिका बघ." मालिका अमेरिकेची, नाव 'द वेस्ट विंग'. १९९९ ते २००६ अशी सात वर्षं ती तिकडच्या टीव्हीवर चालली. म्हणजे आपण इकडे सासू-सुनांच्या मालिकांत गुंतलो होतो, तेव्हा तिकडचे लोक राष्ट्राध्यक्षाच्या कचेरीत काय चालतं ते बघत होते. त्यांचं इंग्रजी भराभर, अर्धं डोक्यावरून जातं. पण खाली अक्षरं येतात आणि पुतणी मधे मधे समजावून सांगत होती. मेथी तशीच राहिली.

गोष्ट अशी आहे. बार्टलेट नावाचा राष्ट्राध्यक्ष. हुशार, सज्जन, लोकांना आवडणारा. त्याला मज्जासंस्थेचा आजार आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस. निवडणूक लढवायच्या आधीपासून आहे. पण हे ठाऊक कोणाला? त्याला, त्याच्या बायकोला आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या लोकांना. एकदा तो कचेरीतच कोसळतो, तर बाहेर सांगतात की साहेबांना फ्लू झालाय. त्याची बायको स्वतः डॉक्टर. ती नवऱ्याला गुपचूप इंजेक्शनं देते. शेवटी एक दिवस सगळं उघड करावं लागतं. मग चौकशी होते, संसद त्याला ठपका देते आणि बायकोला डॉक्टरकीचा परवाना सोडावा लागतो.

माझं लक्ष सारखं त्या बायकोकडेच जात होतं. नवऱ्याचं पथ्यपाणी सांभाळायचं, औषधं द्यायची, वर तोंडही बंद ठेवायचं. आणि गुपित फुटलं की हिचीच वर्षानुवर्षांची कमाई जाते. तो पुढे पुन्हा निवडूनही येतो, बरं का! पुतणी म्हणाली, "काकू, असं खरंच कुठे होतं का?" मी म्हटलं, "अगं, होतं म्हणजे? आपल्या शेजारच्या गोव्यातच झालं की!"

मैत्रिणींनो, मनोहर पर्रीकर तुम्हाला आठवत असतीलच. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात साध्या चपला, आयआयटीत शिकलेला मुख्यमंत्री. साधेपणामुळे आपल्याकडच्या बायकांनाही ते घरातल्यासारखे वाटायचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना मुंबईच्या रुग्णालयात दाखल केलं. सुरुवातीला सांगण्यात आलं ते स्वादुपिंडाला थोडी सूज आहे, एवढंच. २२ फेब्रुवारीला ते रुग्णालयातून थेट गोव्याला गेले आणि त्याच दिवशी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. मार्चमध्ये उपचारासाठी अमेरिकेला गेले, ते जूनमध्ये परत आले. ऑगस्टमध्ये पुन्हा अमेरिका. सप्टेंबरमध्ये दिल्लीचं 'एम्स'. मंत्र्यांच्या बैठका रुग्णालयात होऊ लागल्या. पण साहेबांना नेमकं झालंय काय, हे सरकार स्पष्ट सांगत नव्हतं. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, हे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी उघडपणे सांगितलं ते २७ ऑक्टोबर २०१८ ला. म्हणजे मधे आठ महिने गेले.

या आठ महिन्यांत गोवा काही निवांत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं होतं आणि १६ मार्चपासून तिथल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. खाणीवर पोट असलेली किती घरं असतील! ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणावळी चालवणाऱ्या बायका. आपल्याकडे साखर कारखाना बंद पडला की अख्ख्या पंचक्रोशीचा बाजार बसतो, तसंच ते. न्यायालयाचा निकाल काही आजारामुळे लागला नव्हता, हे खरं. पण अशा वेळी लोकांना खुर्चीत कोणीतरी दिसायला हवं असतं. जाब विचारायला, निवेदन द्यायला. तिथे तीन मंत्र्यांची एक समिती नेमली होती, पण मुख्यमंत्रीपद आणि महत्त्वाची खाती पर्रीकरांकडेच होती.

आणखी एक गोष्ट त्या वेळी मला खटकली होती. त्याच सरकारातले दोन मंत्रीही आजारी होते. फ्रान्सिस डिसोझा अमेरिकेत उपचार घेत होते आणि पांडुरंग मडकईकर यांना पक्षाघाताचा झटका आलेला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या दोघांना मंत्रिमंडळातून वगळलं. कारण आजारपण! आणि मुख्यमंत्री मात्र दिल्लीच्या रुग्णालयातून मुख्यमंत्रीच. एकाच घरात दोघांना एक न्याय आणि तिसऱ्याला दुसरा, असं का?

याचं उत्तर आजारात नाही, आकड्यांत आहे. २०१७ च्या निवडणुकीत चाळीस जागांपैकी भाजपला तेरा मिळाल्या होत्या, काँग्रेसला सतरा. छोट्या पक्षांनी भाजपला पाठिंबा दिला तो पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तरच, या अटीवर. म्हणजे सरकारची सगळी मोट त्या एका माणसाला बांधलेली. ते उठले की मोट सुटली. मग त्यांना 'आता घरी बसा, आराम करा' असं म्हणणार कोण?

डिसेंबर २०१८ मध्ये नाकात नळी घातलेले पर्रीकर मांडवी नदीवरच्या नव्या पुलाची पाहणी करतानाचा फोटो सगळ्या देशाने पाहिला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर तो फोटो 'कर्मयोगी' असं लिहून दहा वेळा फिरला. त्यांच्या जिद्दीबद्दल आजही माझ्या मनात आदर आहे. पण त्या रात्री भांडी घासताना एक विचार मनातून जाईना. हा माणूस माझा भाऊ असता, तर मी त्याला असं उन्हात पुलावर जाऊ दिलं असतं का? आपल्या घरातल्या माणसाला नळी लावली असेल तर आपण त्याला दारापर्यंतही चालू देत नाही. मग ज्यांच्यासाठी ते झिजत होते, त्यांना ते एवढेच प्रिय होते, तर त्यांना विश्रांती का दिली नाही?

३० जानेवारी २०१९ ला त्यांनी शेवटचा अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला ते गेले. १८ मार्चच्या संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले आणि त्याच रात्री, म्हणजे १९ तारीख उजाडल्यावर दोनच्या सुमाराला, नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. दोन मित्रपक्षांना दोन उपमुख्यमंत्रीपदं मिळाली. आपल्याकडे घरात दुःख झालं तर तेरा दिवस चूल सुद्धा शेजारचे सांभाळतात. इथे चिता विझायच्या आत मांडामांड झाली. वर्षभर 'दुसरा पर्याय नाही' म्हणत होते, तो पर्याय काही तासांत सापडला.

त्याच काळात काही नागरिक मोर्चा घेऊन पर्रीकरांच्या घरी गेले होते. मुख्यमंत्र्यांच्या प्रकृतीची माहिती द्या, अशी याचिकाही उच्च न्यायालयात झाली. सरकारचं म्हणणं, ही त्यांची खासगी बाब आहे. न्यायालयाने याचिका फेटाळली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलेला आहेच. आणि खरं सांगायचं तर मलाही कोणाच्या रिपोर्टमध्ये डोकावणं पटत नाही. आजारी माणसाच्या उशाशी कॅमेरे नेणं हे काही सभ्यपणाचं नाही. आपलं दुखणं कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हा ज्याचा त्याचा अधिकार.

पण इथे एक बारीक फरक आहे आणि तो आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवा. आजार साहेबांचा असतो, सही मात्र आपल्या नावाने होत असते. साहेबांच्या पोटात काय दुखतंय ते मला नको सांगू. पण आज माझ्या तालुक्याच्या फाइलवर निर्णय कोण घेतंय, हे विचारायचा हक्क मला आहे. साहेब स्वतः वाचून सही करतात, की त्यांच्या खोलीच्या दाराशी उभा असलेला माणूस ठरवतो, की आत काय न्यायचं आणि काय नाही?

हा दाराशी उभा असलेला माणूस फार जुना आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना ऑक्टोबर १९१९ मध्ये पक्षाघाताचा मोठा झटका आला. पुढे मार्च १९२१ पर्यंत ते पदावर होते. त्या काळात कोणते कागद त्यांच्यापर्यंत जायचे हे त्यांच्या पत्नी एडिथ ठरवत. लोकांना कित्येक महिने आजाराचं खरं स्वरूप कळलं नव्हतं. आपल्याकडे तमिळनाडूच्या जयललिता २२ सप्टेंबर २०१६ ला चेन्नईच्या रुग्णालयात दाखल झाल्या. ताप आणि अंगातलं पाणी कमी झालंय, असं सांगितलं गेलं. ५ डिसेंबरला त्या गेल्या. पंचाहत्तर दिवसांत त्यांचा एक फोटो लोकांनी पाहिला नाही. मग संशय, आरोप, चौकशी आयोग. त्याचा अहवाल आला २०२२ मध्ये. झाकून ठेवलं की माणूस गेल्यावरही त्याला शांतता मिळत नाही, ती अशी.

आपल्या महाराष्ट्रात वेगवेगळे अनुभव आहेत. विलासराव देशमुख ऑगस्ट २०१२ मध्ये गेले, तेव्हा ते केंद्रात मंत्री होते. त्यांचा आजार किती गंभीर आहे हे बहुतेकांना कळलं ते अगदी शेवटच्या दिवसांत. आर. आर. आबा ऑक्टोबर २०१४ मध्ये निवडून आले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. याउलट शरद पवारांना २००४ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे ते स्वतः सभांमधून त्याबद्दल बोलत आले. तंबाखू-गुटखा सोडा म्हणून पोरांना सांगत आले. राजकारण कोणाला पटो न पटो, पण आमच्या गावागावांत तंबाखूची पुडी खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसांपुढे 'मला झालाय' म्हणणारा मोठा माणूस उभा राहिला, याचं मोल आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना त्यांच्या मानेची शस्त्रक्रिया झाली. ती त्यांनी लपवली नाही. पण त्या डिसेंबरच्या अधिवेशनाला ते येऊ शकले नाहीत आणि पदाचा कार्यभारही कोणाला दिला नाही. विरोधक विचारत राहिले, कोणाला तरी द्या.

आता आपल्या जिल्ह्याची एक आठवण सांगते. ज्या दिवशी गोव्यात पर्रीकर तो शेवटचा अर्थसंकल्प मांडत होते, त्याच दिवशी, ३० जानेवारी २०१९ ला, आपल्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला अण्णा हजारे लोकपालसाठी उपोषणाला बसले होते. सात दिवस चाललं ते. रोज डॉक्टर तपासायचे आणि अण्णांचं वजन किती घटलं, रक्तदाब किती, हे संध्याकाळी बातम्यांत यायचं. आमच्या घरी सासूबाई तर आधी अण्णांचं वजन ऐकायच्या, मग जेवायच्या. म्हणजे बघा, ज्याच्याकडे कुठलंच पद नाही, त्याची तब्येत सगळ्यांना माहीत. आणि ज्याच्या सहीवर राज्य चालतं, त्याच्या तब्येतीविषयी आठ महिने स्पष्ट शब्द नाही. कारण उपोषणात आजारपण दाखवल्याने जोर वाढतो, आणि खुर्चीत ते दिसलं की जोर जातो. हिशेब साधा आहे.

हे सगळं मोठ्या लोकांचं झालं, आपल्याला काय त्याचं, असं कोणी म्हणेल. म्हणून एक आमच्याकडचा प्रसंग सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या बाईला मी तसा शब्द दिलाय. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा राखीव झाल्या. त्यातूनच ती सरपंच झाली. बारावी शिकलेली, धीट. बचत गटाच्या कामामुळे माझी तिची ओळख. एका उन्हाळ्यात ती बैठकांना येईनाशी झाली. विचारलं की घरचे म्हणायचे, माहेरी गेलीय, लग्नाला गेलीय. ग्रामपंचायतीच्या कागदावर सह्या मात्र होत होत्या. कशा होत होत्या ते सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

एक दिवस मी सरळ तिच्या घरी गेले. ती मागच्या खोलीत झोपून होती. छातीत गाठ होती. सहा महिने तिने कोणाला सांगितलं नव्हतं, मग नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, एवढ्यात बोलू नको, विरोधी गट अविश्वास आणेल. मी तिच्यावर रागावले. तर ती म्हणाली, "ताई, गडी माणूस आजारी पडला तर म्हणतात, आजारातसुद्धा काम करतोय, वाघ आहे. बाई आजारी पडली की म्हणतात, बघा, बाईला जमलं नाही." मला यावर बोलायला काही सुचलं नाही. कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गावाचा टँकरचा प्रस्ताव पंचायत समितीकडे जायला पंधरा दिवस उशीर झाला. नवऱ्याला कागद कळत नव्हते, ग्रामसेवकाला दुसऱ्या गावांचाही कार्यभार होता, आणि उपसरपंचाला कोणी विचारलंच नाही, कारण तो दुसऱ्या गटाचा. पंधरा दिवस बायका दोन-दोन किलोमीटरवरच्या विहिरीवर हंडे घेऊन जात होत्या. सरपंचबाईंना काय झालंय हे त्यांना माहीत नव्हतं. पण ते न सांगण्याची किंमत त्यांच्या डोक्यावर होती.

तिला आम्ही पुण्याला नेलं. शस्त्रक्रिया झाली, केमो झाले. आज ती बरी आहे, घरचं बघते. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने आधी आला असता तर एवढं सगळं करावं लागलं नसतं. मागे भेटली तेव्हा मी तिला विचारलं, परत तीच वेळ आली तर काय करशील? ती म्हणाली, "पहिल्या दिवशी उपसरपंचाला बोलावीन. म्हणेन, दादा, तीन महिने तुम्ही बघा, मी दवाखान्यात चाललेय."

मैत्रिणींनो, गावच्या कारभाराच्या कायद्यात ही सोय आहेच. सरपंच नसेल तेव्हा उपसरपंच काम बघतो, हे लिहिलेलं आहे. देशाच्या राज्यघटनेतही राष्ट्रपती आजारी असतील तर उपराष्ट्रपती काम पाहतील, असं स्पष्ट आहे. पण पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री आजारपणामुळे काम करू शकत नसतील तर काय, याची अशी सोय घटनेत नाही. सगळं पक्षावर आणि त्या माणसाच्या मर्जीवर. अमेरिकेने विल्सनसारख्या अनुभवांनंतर १९६७ मध्ये घटना दुरुस्त करून नियम केला, की राष्ट्राध्यक्ष स्वतः लिहून देऊन काही काळापुरती सत्ता सोपवू शकतो आणि बरा झाला की परत घेऊ शकतो. त्या मालिकेत पुढे बार्टलेटच्या मुलीचं अपहरण होतं. तेव्हा आपलं डोकं ठिकाणावर राहणार नाही हे ओळखून तो स्वतःच तसं पत्र लिहितो. उपाध्यक्ष नसतो, म्हणून सत्ता जाते ती विरोधी पक्षाच्या सभापतीकडे! तरीही तो लिहून देतो. मला तो प्रसंग बघताना सारखा आमचा उपसरपंच आठवत होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. नेत्यांचे रिपोर्ट चव्हाट्यावर आणा, असं मी म्हणत नाही. अमुक दिवसांपेक्षा जास्त काम करता येत नसेल तर कार्यभार कोणाकडे जाईल, हे आधीच ठरलेलं असू द्या. आणि बरं झाल्यावर खुर्ची परत मिळेल, याचीही खात्री असू द्या. ती खात्री नाही, म्हणून माणसं लपवतात. लपवण्यात त्यांचा जितका दोष, त्याहून जास्त आजूबाजूच्यांचा, ज्यांची पोळी त्या एका माणसाच्या तव्यावर भाजली जाते. पुढच्या ग्रामसभेत विचारून बघा, आपल्या गावात सरपंच आजारी पडला तर सही कोण करतं? प्रश्न साधा आहे. पण विचारलात की पुढारी कसे एकमेकांकडे बघतात, ते पाहा.

आणि हो, पुतणी जाताना मला काय म्हणाली ते सांगायचं राहिलंच. ती म्हणाली, "काकू, तू गेल्या वर्षी दोन महिने कंबर धरून स्वयंपाक करत होतीस. आम्हाला कुठे सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगून काय, करणार कोण होतं?" म्हटलं आणि गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला आणि यांना स्वयंपाकघरात बोलावलं. डाळीचा डबा, कुकरच्या शिट्ट्या, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा, सगळं दाखवलं. यांनी पहिल्या दिवशी केलेलं वरण पाणीदार झालं होतं. सासूबाईंनी मुकाट्याने खाल्लं.